सात नंबरची काच

इंदूने काचपट्टी केसभर डावीकडे सरकवली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. तेच होते. गुलाबी तांबड्या पेशींच्या मधोमध, रंगाने जांभळ्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी. एरवी नजरेच्या एका गोलात अशी एखादी, फार तर दोन दिसत. इथे तिने पंचवीसपर्यंत मोजल्या आणि मोजणे सोडून दिले. त्यातल्या कितीतरी कच्च्या होत्या, पूर्ण वाढ होण्याआधीच रक्तात उतरलेल्या. रक्त गोठवणारे बारीक ठिपके मात्र शोधावे लागत होते.

तिने भिंगाखालचा आरसा खिडकीकडे वळवला. वीज सकाळपासून नव्हती, पण तिच्या कामाला ऊन पुरत असे. ती हिवतापाचे जंतू शोधायला बसली होती. ते सापडले नव्हते. दुसरेच काही सापडले होते.

डब्यातून पहिली हाती आलेली ही काच सात नंबरची होती. तिने यादीवर बोट ठेवले. गाव आंबेटोला. सात : केसरबाई, वय साठ.

साठ वर्षांची बाई असले रक्त घेऊन धानाच्या बांधीत वाकलेली असेल, या विचाराने तिने लगेच कागद ओढला आणि डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठी अर्धी झाली. सवयीने तिने पुढची काच लावली. आठ : पत्रू, वय सहा.

तेच रक्त.

तिने काच काढली, पुसली, पुन्हा लावली. मग नऊ लावली. मग दहा. अकरा वाजेपर्यंत तिने आंबेटोल्याच्या अठराही काचा पाहिल्या. अठरा नावे होती, सहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत. रक्त एकाचेच होते.

तिने अर्धी चिठ्ठी चार घड्या करून टेबलाच्या खणात टाकली.

सावली गावापासून चार कोसांवरच्या या आरोग्य केंद्रात इंदू उंदिरवाडे चार वर्षांपूर्वी, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी आली होती. केंद्राचे आरोग्यसेवक सायकलवर गावोगाव फिरत, तापाचा माणूस दिसला की त्याच्या बोटाला सुई टोचत, काचेवर रक्ताचा एक जाड ठिपका आणि एक पातळ थर घेऊन येत. ती ते रक्त रंगवून तपासत असे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चार वाजता चंद्रपूरची जीप येई आणि तपासलेल्या काही काचा व अहवाल घेऊन जाई. आज तो शनिवार होता. आंबेटोला हा टोला, नाल्यापलीकडची लहान वस्ती, आरोग्यसेवक मुखरू गुरनुलेंकडे होता.

ताप शोधायला न जाता घरी बसून कुणाच्या तरी एका बोटातून डबाभर काचा भरायच्या, ही लबाडी नवी नव्हती. दोन वर्षांपूर्वी हरिदासने तेच केले होते. तो ज्या वस्तीत गेलाच नव्हता, तिथे तापाने एक मूल गेले. इंदूनेच ते उघडकीला आणले होते. हरिदासची नोकरी गेली. आता तो सावलीच्या बाजारात मुरमुरे-फुटाण्यांचे दुकान लावून बसे आणि ती दिसली की हात जोडून नमस्कार करी. इंदू शक्यतो त्या ओळीने जात नसे.

तिने खोटे एक अक्षर लिहिले नव्हते. लहानपणी घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हणत, तेव्हा चौथ्या शीलापाशी, खोटे न बोलण्याच्या त्या शीलापाशी, तिचे वडील सोमाजी क्षणभर थांबत आणि एकेका मुलाकडे पाहत. नजर आपल्यावरून पुढे जाईपर्यंत इंदू पापणी हलवत नसे. पुढे विज्ञान शाळेत शिकली, नागपूरला शिकली. पाहिले तेच लिहायचे, हे तिथेही वेगळे नव्हते.

पण आज काचेत लबाडीखेरीज आणखी काही होते. ज्याचे हे रक्त, तो माणूस आजारी होता. आणि आरोग्यसेवक घरी बसून काचा भरतो, तेव्हा बोट बहुधा स्वतःचेच असते.

मुखरूभाऊ उन्हाळ्यापासून वाळले होते. पँट सुतळीने बांधून येत. पायऱ्या चढताना थांबत. दिवाळीपासून तीनदा ते उशिरा आले आणि तीनही वेळा तिने हजेरीपुढे वेळ लिहिली होती, मिनिटासकट. एखाद्याला चालवतच नसेल, म्हणून तो नाला ओलांडून टोल्यावर गेला नसेल, हे तिच्या मनात आले नव्हते.

ती उठली, माठातले पाणी प्याली आणि पुन्हा येऊन बसली.

मुखरू बाराच्या सुमाराला आले. सायकल भिंतीला लावल्याचा आवाज झाला, मग दारातून कागदांची गुंडाळी धरलेला हात आत आला.

“नमस्कार जी मॅडम. कागद घ्या.”

“बसा, मुखरूभाऊ.”

“बसत नाई जी. धान पडून हाय बांधीत. कापणारे तिकडे न मी इकडे.”

“बसा. हात द्या.”

“कायले?”

“तुमचं रक्त पाहायचं आहे.”

“मले ताप नाई जी.”

“नसू दे.”

काचा धुण्याच्या टपाजवळ बसलेली सोनीबाई हसली. ती केंद्राची मदतनीस. तपासून झालेल्या काचा साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरायला देणे हे तिचे काम होते.

“दुसऱ्याले टोचता टोचता आज बरे सापडले भाऊ! भेव लागते का?”

“भेव कायचं? माया अंगात रगत राह्यलंच कुठी. सारं त्या धानानं पेलं.”

मुखरू बाकावर टेकले आणि त्यांनी हात पुढे केला. इंदूने तो उजेडात धरला. धानाच्या पात्यांनी कापलेल्या बारीक रेघा होत्या, नखांत माती होती. तिने एकेक बोट उलटून पाहिले. सुईची खूण राहते, काळपट, मोहरीहून लहान. एकही नव्हती. दुसरा हात पाहिला. तोही तसाच.

आपण पुरेसे नीट पाहिले नसेल, असे तिने स्वतःला सांगितले आणि सुई टोचली. थेंब आला, काचेवर उतरला, आणि बोटावर कापूस दाबताच थांबला.

रंग चढवून काच वाळेपर्यंत सोनीबाईने चहा आणला. मुखरूंपुढे तिने कपबशी ठेवली. ते कपाकडे पाहत राहिले. इंदूने भिंगाला डोळा लावला. एका गोलात एक जांभळी पेशी. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात एकही नाही. बारीक ठिपके जागोजाग, हवे तितके. तिने दहा ठिकाणी पाहिले, मग आणखी दहा.

निरोगी माणसाचे रक्त होते.

सकाळपासून तिने या माणसासाठी मनात जी जागा केली होती, तिचे काय करावे हे तिला चटकन कळेना. तो आजारी नव्हता. तो आपल्या बांधीत धान कापत होता.

“मुखरूभाऊ,” ती म्हणाली, “आंबेटोल्याच्या अठरा काचा एकाच माणसाच्या आहेत. मला वाटलं, तुमच्या. तुमच्या नाहीत.”

सोनीबाईचा हात टपात थांबला.

“असं कसं होईन जी? घरोघरी जाऊन घेतल्या मी.”

“केसरबाईंचं घर कुठं आहे टोल्यात?”

“वरच्या अंगाले. मोहाजवळ.”

“आणि पत्रू कोणाचा?”

“त्याचं... त्याच्या बापाचं नाव आठोत नाई आता.”

“राहू द्या. मी ते विचारतच नाहीये.” तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. “हे रक्त ज्याचं आहे, तो माणूस फार आजारी आहे. पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, पंधरा-वीस पट. त्याला थकवा येत असेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील. त्याला काही लागलं तर रक्त लवकर थांबणार नाही. सध्या घरोघरी विळा चालू आहे. मला नाव पाहिजे. आज पाहिजे. चारला जीप येईल, तिच्यात बसवून चंद्रपूरला पाठवता येईल. तिथून नागपूर. गोळ्या असतात यावर. काही वर्षं मिळतात माणसाला.”

मुखरूंनी दाराबाहेर पाहिले. बाहेर फक्त सायकल होती आणि तिच्यापलीकडे उन्हाने पांढरी झालेली वाट.

“नाव सांगा.”

“अठरा नावं लिवली हायेत जी कागदावर.”

“मुखरूभाऊ.”

“डाव चांगला हाय,” ते हळूच म्हणाले.

“कसला डाव?”

“हरिदासलेबी असंच इचारलं होतं तुमी. जीव लावून. घरी कसं हाय, लेकरू कसं हाय. ह्याच सोनीबाईनं चहा आणला होता. असाच, कपबशीत. आपल्याले कपबशीत चहा कोण देते जी दवाखान्यात? थो रडत गेला, सांगत गेला. तुमी लिवत गेले.”

सोनीबाई म्हणाली, “आता काय बोलता हो भाऊ, मी त सगळ्याईलेच—” आणि टपातली काच पुन्हा घासू लागली.

“मी तेव्हा जे लिहिलं ते खरं होतं,” इंदू म्हणाली.

“खरंच होतं. तेच त म्हणून राह्यलो. तुमी लबाडी करत नाई, हे सारा दवाखाना सांगते. तुमाले सांगतलं म्हणजे कागदाले सांगतलं. मायी दोन वरसं राह्यली रिटायरले. पोरगा गेला. घरात चार तोंडं हायेत, कमावणारा मी एकटा. मले नाई काई सांगाचं. माया काचा टोल्यातल्याच हायेत.”

मुखरूंचा आवाज चढला नव्हता. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले होते आणि अंगठ्याने ते कापलेली बोटे चोळत होते.

मी लिहिणार नाही, एवढेच तिला म्हणायचे होते. तिने तोंड उघडलेही. पण ते शब्द तिच्या कानांना आधीच खोटे वाटले. लबाडी समोर आल्यावर आपण लिहिले नाही, असे आजवर एकदाही झाले नव्हते. तिच्यावर विश्वास नव्हता असे नाही. मुखरूंचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. त्याच विश्वासाने त्यांचे तोंड बंद केले होते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले. शेजारच्या खोलीत डॉक्टर कुणाला तरी मोठ्या आवाजात गोळ्या समजावून सांगत होते, एक सकाळी, एक संध्याकाळी, चावायची नाही. त्या सगळ्या काळात कुठल्यातरी बांधीत कुणीतरी डाव्या मुठीत धानाचा जुडगा धरून उजव्या हाताने विळा ओढत होते. मूठ कुणाची, हे या खोलीतल्या एका माणसाला माहीत होते.

इंदू उठली. तिने आंबेटोल्याच्या काचांचा लाकडी डबा उचलला. सात नंबरची काच काढून टेबलावर कागदात ठेवली. उरलेल्या सतरा घेऊन ती टपाशी गेली.

“सरका, सोनीबाई.”

“बाई, ह्या लिवून झाल्या का? रजिस्टरात त अजून—”

“सरका.”

तिने काचा एकेक करून साबणाच्या पाण्यात सोडल्या. रंग सुटू लागला, पाण्यात निळसर धूर पसरला. मग तिने पदर कमरेला खोचला, खाली बसली आणि चिंधीने काचा घासू लागली. सोनीबाई काचा जशी घासत असे तशीच, दोन्ही बाजूंनी, कडा धरून. सतरावी काच धुऊन तिने ती खिडकीत उभी केली. आरपार ऊन आले. त्या काचेवर कधी कुणाचे काही होते, हे आता कुणालाही सिद्ध करता आले नसते, तिलासुद्धा.

“बाप्पा बाप्पा,” सोनीबाई पुटपुटली. “मेमो येईन ना जी.”

इंदूचे हात साबणाने ओले होते. ते तसेच पुढे धरून ती मुखरूंसमोर येऊन उभी राहिली. ती बोलली तेव्हा भाषा चामोर्शीची, तिच्या आईच्या घरची होती.

“आता माह्यापाशी काईच नाई, भाऊ. सांगा आता. कोन हाय थे?”

मुखरू काचांकडे पाहत होते. मग म्हणाले, “रुखमा.”

“कोण रुखमा?”

“मायी सून जी. श्रावणची बायको.”

त्यानंतर ते बोलत गेले. कुणी विचारत नव्हते. “पोरगा गेल्यावर लोक म्हणे, मायेरी धाड तिले. मी नाई धाडली. तिच्या हाताचं खातो. पोरीवानी हाय. मंग म्हटलं, परक्याच्या लेकराईच्या बोटाले फुकट कायले टोचा? घरचंच माणूस बरं. तिले म्हटलं, बोट दे माय. तिनं देल्लं. कधी इचारलं नाई, कायले म्हणून.”

“तिलाच का? घरात आणखी माणसं असतील.”

“बुढीचं रगत येतच नाई, दाबा लागते. हिचं मंग...” ते थांबले. “हिचं थांबतच नाई जी. एकडाव टोचलं का साऱ्या काचा होते. दुसऱ्यांदा टोचा लागत नाई. मले वाटलं, जवान हाय, रगत चांगलं हाय म्हणून...”

ते स्वतःच बोललेले ऐकत असल्यासारखे बसून राहिले. मग झटकन उठले, इतके झटकन की बाक मागे घसरला आणि चहा बशीत हिंदकळला.

“कुठे आहे ती आता?”

“बांधीत. सकाळपासून. इळा हाय ना तिच्या हातात.”

“मुखरूभाऊ, थांबा. सायकलवर आणता येणार नाही तिला. डॉक्टरांशी बोलते. तुम्ही जाऊन काम थांबवा, तिला बांधावर बसवा. आम्ही जीप घेऊन तिकडंच येतो. आणि ऐका.” तिने हात पदराला पुसले. “उद्या सकाळी सहाला टोल्यावर जायचं. मी येते. एकूण एक घर. नाल्याला पाणी असलं तरी.”

“हो जी.”

“अठराही घरं.”

“हो जी, हो.”

सायकल वाटेवर वाजत गेली.

डॉक्टर तरुण होते, नागपूरचे, पंधरा महिन्यांपूर्वी इथे आलेले. त्यांनी सात नंबरची काच पाहिली, भिंग फिरवून पुन्हा पाहिली आणि हळू शीळ घातली.

“हे कुणाचं?”

“रुखमा श्रावण गुरनुले. वय चोवीस.”

“यादीत सातला केसरबाई दिसते.”

“यादीत दिसते.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. मग खिडकीत वाळत ठेवलेल्या काचांच्या रांगेकडे, मग टेबलावरच्या कपबशीकडे. चहावर साय धरली होती. त्यांनी चंद्रपूरच्या रुग्णालयाला चिठ्ठी लिहिली, काच तिच्यात गुंडाळली आणि म्हणाले, “आंबेटोल्याचा निकाल काय लिहिताय?”

इंदूने रजिस्टर उघडले. पाहिले ते लिहायचे तर अठरा ओळींपुढे एकच मजकूर येत होता. ‘जंतू नाहीत’ लिहायचे तर ते त्या अठरा माणसांबद्दल खोटे होते, ज्यांचे रक्त तिने पाहिलेच नव्हते. तिने पेन टेकवला आणि सावकाश लिहिले :

आंबेटोला, काचा अठरा. निकाल नाही. सतरा काचा माझ्या हातून धुतल्या गेल्या. नमुने पुन्हा घेण्यात येतील. खाली सही केली, तारीख घातली.

डॉक्टरांनी उभ्या उभ्या ते वाचले.

“जिल्ह्याचे साहेब विचारतील, धुतल्या गेल्या म्हणजे काय.”

“धुतल्या गेल्या.”

“चुकून?”

तिने पेनचे टोपण उचलले. डॉक्टरांनी तिच्या हातातला पेन काढून घेतला, ‘माझ्या हातून’ या शब्दांनंतर वर एक लहान खूण केली आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिले : चुकून. मग रजिस्टर तिच्याकडे वळवले.

दुसऱ्या कुणी तिच्या नोंदीत अक्षर घातलेले ती सहन करत नसे. मागच्या वर्षी तिने मोठ्या साहेबांनी केलेली खाडाखोड त्यांच्याच समोर रेघ मारून दुरुस्त केली होती. तिने त्या शब्दाकडे पाहिले. शाई अजून ओली होती. सोनीबाईही टपाशी उभी राहून पाहत होती.

इंदूने शाई वाळू दिली आणि रजिस्टर मिटले.

जीप सव्वाचारला आली. ड्रायव्हर नानाजी कुरकुरला. बांधाबांधाने गाडी नेली तर चाकावरची स्प्रिंगची कमान तुटेल, आणि साहेब पैसे त्याच्या पगारातून कापतील. पण डॉक्टरांची चिठ्ठी पाहून त्याने गाडी वळवली. गावाबाहेर वाट दोन बांधांच्या मधून जात होती. दोन्ही बाजूंना पिवळे धान, काही उभे, काही कापून आडवे पसरलेले. वाटेत कुणीकुणी वाकलेले लोक सरळ होऊन जीपकडे पाहत आणि पुन्हा वाकत. इंदूच्या मांडीवर कापसाची पिशवी होती, चिकटपट्टी होती. सुई तिने घेतली नव्हती.

मुखरू बांधाच्या टोकावर उभे होते, दोन्ही हात वर करून. त्यांच्यामागे पळसाच्या सावलीत एक तरुण बाई बसली होती. सासऱ्यांनी भर कामात विळा हातातून का घेतला, का बसवून ठेवले, हे तिला कुणी सांगितले नसावे. जीपमधून परकी माणसे उतरताना पाहून ती गडबडीने उठली आणि तिने पदर डोक्यावर ओढला. तिच्या दंडावर एक निळा डाग होता, जुन्या नाण्याएवढा. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला फडके गुंडाळलेले होते आणि फडक्याचा शेंडा वाळलेल्या रक्ताने काळा पडला होता.

“कधी लागलं हे?” इंदूने विचारले.

“लागलं नाई जी,” रुखमा म्हणाली. “मंगळवारचं हाय. मामाजींच्या कामाचं.”

मुखरू धानाकडे पाहत होते.

इंदू जवळ गेली. काय सांगायचे आणि कुठून सुरू करायचे, हे ती जीपमध्ये ठरवत आली होती, सोप्या शब्दांत, एकापुढे एक. ती वाक्ये आता तिला सापडेनात. तिने पिशवीतून कापूस काढला.

कापूस पाहताच रुखमाचा चेहरा मोकळा झाला. काय चालले आहे ते तिला कळले होते. तिने उजवा हात लुगड्याला दोन्ही बाजूंनी नीट पुसला, आणि कुणी मागायच्या आधीच बोट पुढे केले.